परभणीचा लाकडी घाणा: तेल एक नंबर, बोर्ड मात्र उतरवा

तेलाला पाचपैकी पाच, दुकानाला चार आणि भिंतीवर लावलेल्या बोर्डाला शून्य. आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं, बाकीच्यांनी निवांत वाचा कारण थोडं लांबणार आहे, तेल हा रोजच्या पोटात जाणारा विषय आहे आणि आमच्या घरात हार्ट पेशंट आहे त्यामुळे मी यावर बरंच वाचलेलं आहे. ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे फॅटी अ‍ॅसिड (तेला-तुपातले मूळ घटक) हा विषय तसाही रोजचाच. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रार पण आहे आणि माणूस मुळात चांगला आहे. शिवाय जे लिहितेय ते लातूर, नांदेड, बीड, जालना कुठल्याही गावच्या घाण्याला तसंच लागू पडतं.

दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, आत दोन घाणे, बाभळीच्या लाकडाचे, मोटरवर चालतात, बैल वगैरे आता कुठे राहिलेत. मधे उखळ, त्यात लाट म्हणजे लाकडी मुसळ हळूहळू फिरत राहते, आणि करडई टाकली की आधी नुसता टरफलाचा करकर आवाज येतो, मग थोड्या वेळाने वास सुटतो, मग कडेच्या नळीतून धार लागते. धारेखाली बोट धरलं तर तेल कोमट लागतं, चटका बसत नाही, आणि हाच लाकडी घाण्याचा फायदा की एक्सपेलरसारखं (बी दाबून तेल काढायचं लोखंडी मशीन) बियाणं तापत नाही. निघालेलं तेल गढूळ असतं, ते स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस तसंच ठेवतात, गाळ खाली बसतो, मग कापडातून गाळून भरतात. पेंड तिथेच पोत्यात भरून ठेवलेली असते, म्हशीवाले येऊन घेऊन जातात. सगळं डोळ्यासमोर, पडदा नाही, आतल्या खोलीत जाऊ नका असं काही नाही. मी उखळीत काय पडतंय, टाकीत काय ओततायत ते उभं राहून बघितलेलं आहे, कुठून तरी डबा आणून मिक्स केला असला प्रकार इथे नाही.

चव म्हणाल तर ताज्या करडईच्या तेलाची चव ज्याला माहिती आहे त्याला सांगायची गरज नाही. गरम ज्वारीची भाकरी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, मधे बोटाने खळगा करून त्यात कच्चं तेल. आमच्या सासूबाई म्हणतात त्यांच्या लहानपणी घरोघरी हेच तेल होतं, ज्वारीच्या कडेने करडईचे तास असायचे, काढणी पहाटे पहाटे करायची कारण दवाने काटे मऊ पडतात, ऊन चढलं की हात घालता येत नाही. आता सगळीकडे सोयाबीन आणि त्याच्यावर हरभरा, करडई बघायला मिळत नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुम नावाचं वाण काढलं, बिनकाट्याचीही वाणं आहेत, तरी पेरा कमीच झाला. म्हणून घाणेवाल्याला पण चांगली करडई शोधत फिरावं लागतं आणि त्याचा परिणाम भावावर दिसतो.

भाव पॅकेटच्या रिफाइंडपेक्षा चांगलाच जास्त आहे, दुपटीच्या पण वर जातो कधीकधी. पण तुलना करताना एक गोष्ट बघा. घाण्यावर किलोने देतात आणि दुकानातलं पाऊच लिटरचं असतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यात जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा फरक पडतो, लोकं नुसता आकडा बघून स्वस्त म्हणतात. आणि महाग का पडतं याचाही हिशोब सरळ आहे, करडईत तेलच साधारण तीस टक्के, त्यातलं थोडं पेंडीत राहतं, म्हणजे एक किलो तेलाला साडेतीन-चार किलो करडई लागते. बाजारात करडईचा भाव काय चाललाय तो विचारा, त्याला चारने गुणा, पेंडीचे पैसे वजा करा, बनवायची मजुरी धरा. त्याच्यापेक्षा फारच स्वस्तात कुणी शुद्ध करडई तेल म्हणून देत असेल तर ते करडईचं नाही.

आपली करडई नेली तर पण गाळून देतात, किलोमागे मजुरी घेतात, पेंड आपली आपल्याला. शेतीवाल्यांनी हीच सोय घ्यावी असं माझं मत आहे. दहा किलोला अडीच किलोच्या आसपास तेल धरून चला, दाणा पोचट असेल तर कमी. फक्त नेण्याआधी बियाणं चाळून, निवडून न्या. त्यात पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलेलं नको, ते विषारी असतं, १९९८ मधे दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचीच भेसळ होऊन लोकं जलोदरासारख्या सुजेने आजारी पडली होती आणि कित्येक जण दगावले होते. घाणेवाला स्वतः पण चाळणी मारतो, पण आपलं आपण बघितलेलं बरं.

आता बोर्ड. काउंटरच्या मागे मोठा फ्लेक्स आहे, लाल हृदयाचं चित्र, आणि त्यावर लिहिलंय कोलेस्ट्रॉल फ्री, हार्टचे ब्लॉकेज विरघळतात, पोटाची चरबी उतरते, रिफाइंड म्हणजे विष. आणि मालक पण प्रत्येकाला तेच सांगतो. मी तिथे उभी असताना एक म्हातारे बाबा आले होते, मानवतकडचे असावेत, त्यांनी विचारलं की माझी कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे, हे तेल सुरू केलं तर बंद करू का. आणि हा म्हणतो, "हाव बाबा, करा की बंद, कामून खायलेत गोळ्या, सहा महिने हे खा अन् मग तपासून बघा." मी तिथल्या तिथे मधे पडले, बाबांना म्हणलं गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवस पण बंद करू नका, तेल खायचं ते खा. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने तेलाच्या भरवशावर गोळी सोडली तर काय होऊ शकतं हे आमच्या घराने जवळून बघितलेलं आहे, मामांना म्हणजे सासऱ्यांना नांदेडला स्टेंट टाकलाय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हलका नाही. तो एक स्टार याच्यासाठीच कापला.

तर बोर्डावरचं एकेक बघू.

कोलेस्ट्रॉल फ्री हे खरं आहे, पण ते सगळ्याच वनस्पती तेलांचं खरं आहे. कोलेस्ट्रॉल प्राण्यांच्या चरबीत असतं. पाम तेलात पण नसतं, वनस्पती तुपात पण नसतं. रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढवायला तेलात कोलेस्ट्रॉल असायलाच पाहिजे असं नाही, त्यातली फॅटी अ‍ॅसिड कुठली आहेत त्यावर ठरतं. पाम तेलात पामिटिक अ‍ॅसिड चाळीस टक्क्यांच्या वर असतं, ते सॅच्युरेटेड, म्हणजे गार झालं की घट्ट होणाऱ्या फॅटमधलं, ते वाढवतं. खोबरेल तेल तर नव्वद टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड. करडईचं याच्या अगदी उलट, सॅच्युरेटेड दहा टक्क्यांच्या आत आणि लिनोलिक अ‍ॅसिड, म्हणजे लोकं ज्याला ओमेगा-६ म्हणतात ते, पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ. खाद्यतेलांमधे इतकं लिनोलिक फार कमी तेलांत आहे. हे लिनोलिक शरीराला स्वतः बनवता येत नाही, जेवणातूनच घ्यावं लागतं. हे आधी १९२९-३० ला अमेरिकेत मिनेसोटामधे जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांवर दाखवलं, त्यांच्या जेवणातून फॅट पूर्ण काढलं तर वाढ खुंटली, कातडीचे खवले पडायला लागले, आणि लिनोलिक दिलं की सुधारले. त्याच्या आधी लोकांना वाटायचं फॅट म्हणजे फक्त ऊर्जा, बाकी काही नाही.

आता ब्लॉकेजवाली ओळ. इथे मला जास्त लिहायचंय, कारण करडईच्या तेलावरच माणसांवर प्रयोग झालेला आहे आणि आपल्या भागात तो कुणालाच माहिती नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला, १९६६ ते १९७३. हार्टचा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष, वय तीस ते एकोणसाठ, त्यांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं लोणी, चरबी कमी करा आणि त्याच्या जागी करडईचं तेल आणि करडईच्या तेलापासून बनवलेलं मार्गारीन (लोण्यासारखा घट्ट पदार्थ) खा, दुसऱ्या गटाला तसं काही सांगितलं नाही. करडईवाल्या गटाचं कोलेस्ट्रॉल उतरलं, जसं उतरायला पाहिजे तसंच. पण माणसं जास्त गेली. करडईवाल्या गटात १७.६ टक्के आणि दुसऱ्यात ११.८ टक्के. त्या काळी जास्त मृत्यू झाल्याचं छापून आलं होतं पण हृदयविकाराने किती गेले याचा सगळा तपशील बाहेर आला नव्हता, जुन्या मॅग्नेटिक टेपवर तो डेटा पडून होता. क्रिस्टोफर रॅम्सडेन नावाच्या संशोधकाने बाकीच्यांना घेऊन तो परत काढला आणि २०१३ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापला, त्यात हृदयविकाराच्या मृत्यूंमधे पण तोच फरक दिसला. मग २०१६ ला त्यांनीच मिनेसोटाचा एक जुना प्रयोग असाच उकरून काढला, तिथे मक्याचं तेल होतं, नऊ हजारांच्या वर माणसं, कोलेस्ट्रॉल उतरलं पण मृत्यू कमी झाले नाहीत.

हे वाचून लगेच करडईची बाटली नालीत ओतू नका. पुढचं पण वाचा. सिडनीमधे त्या लोकांना ऊर्जेच्या १५ टक्के पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट (लिनोलिक त्यातलंच) घ्यायला सांगितलं होतं. २००० कॅलरीच्या जेवणात १५ टक्के म्हणजे ३०० कॅलरी, फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज ३३ ग्रॅम नुसतं पॉलीअनसॅच्युरेटेड, सगळं करडईतूनच घ्यायचं तर चाळीस ग्रॅमच्या वर तेल एका माणसाला एका दिवसाला. आणि त्या मार्गारीनमधे ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं वाईट फॅट) किती होतं यावर अजून वाद आहे. माणसं पण थोडी, आधीच आजारी, आणि सगळे पुरुष. म्हणजे एवढ्यावरून करडई मारते असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला मोठे अभ्यास आहेत. २०१४ मधे तीन लाखांच्या वर लोकांचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा जे जास्त लिनोलिक खात होते त्यांच्यात हार्टचे प्रसंग १५ टक्के आणि हार्टने मृत्यू २१ टक्के कमी दिसले. २०१९ मधे तर लोकांना काय खाल्लं विचारण्याऐवजी रक्तातलं आणि चरबीतलं लिनोलिक मोजलं, ३० अभ्यास, जवळजवळ ६९ हजार लोकं, तिथे पण जास्त लिनोलिकवाल्यांना धोका कमी. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणारी संस्था, त्यांनी २०२० मधे सॅच्युरेटेड कमी करण्याचे सगळे प्रयोग जमा केले, त्यात हार्ट आणि स्ट्रोकचे प्रसंग १७ टक्क्यांच्या आसपास कमी निघाले पण एकूण मृत्यूंमधे फारसा फरक नाही. मला या सगळ्यातून जे समजतं ते असं की पाम, वनस्पती, चरबी काढून त्याच्या जागी बी-तेल घातलं तर बहुतेकांना थोडा फायदा होतो, पण एकट्या ओमेगा-६ चा मारा करून ओमेगा-३ (जवसात, माशात असतं ते) बिलकुल घेतलंच नाही तर तो भरवसा राहत नाही. आणि करडईत ओमेगा-३ नसल्यातच जमा आहे. ब्लॉकेज विरघळतात असं तर यातल्या एकाही अभ्यासात निघालेलं नाही, कुठल्याच तेलाने नाही.

म्हणून या दुकानातली माझ्या मते सगळ्यात चांगली वस्तू करडई नाहीच, जवस आहे. जवसाच्या तेलात अर्ध्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक अ‍ॅसिड असतं, ते ओमेगा-३. फ्रान्समधे लियॉन शहरात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ६०५ लोकांवर प्रयोग झाला होता, १९९४ ला छापला, त्यांच्या मार्गारीनमधे हेच अल्फा लिनोलेनिक होतं आणि सोबत भाज्या, फळं, कडधान्य वाढवलेली, तिथे मृत्यू खूप कमी झाले. सगळं श्रेय त्या एका अ‍ॅसिडला देता येत नाही पण सिडनीच्या शेजारी ठेवून बघितलं की फरक डोळ्यात भरतो. आपल्या देशातला पण एक अभ्यास आहे, दिल्ली आणि बंगळूरचा, २००४ चा, त्यात मोहरीचं तेल खाणाऱ्यांना हार्टचा त्रास कमी दिसला, मोहरीत पण हेच ओमेगा-३ असतं. आता जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ सारखं नाही, शरीर जवसातल्याचं फार थोडं माशासारख्यात बदलून घेतं. जे गोदावरीचे मासे खातात त्यांनी खावेत. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं म्हणाल तर इटलीतल्या १९९९ च्या प्रयोगात अटॅक येऊन गेलेल्यांना फायदा दिसला होता पण अमेरिकेत २५ हजारांच्या वर धडधाकट लोकांवर २०१८ ला निकाल आला त्यात मोठे हार्टचे प्रसंग काही खास कमी झाले नाहीत, म्हणून डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय त्याच्यावर पैसे घालू नका.

जवसाचं तेल मात्र गरम करायचं नाही, फोडणीला तर अजिबात नाही. हे तेच तेल आहे जे चित्रकार रंगात आणि सुतार लाकडाला लावतात, हवा लागली की सुकतं. मामांना मी तेलापेक्षा चटणीच जास्त देते. जवस मंद भाजून, लसूण, काळं तिखट, मीठ घालून कुटलेली. एक मोठा चमचा जवसाची पूड, सात ग्रॅम धरा, त्यात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, आणि मोठ्या माणसाला रोज साधारण तेवढंच पुरतं. ही चटणी आपल्या मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या ताटात होती, करडईच्या तेलासोबत, म्हणजे सहा आणि तीन दोन्ही एकाच घासात. घाण्यावर जवस नुसतं पण विकायला ठेवतात, निवडलेलं असतं, ते घ्या, तेलापेक्षा स्वस्त पडतं आणि दळल्याशिवाय लवकर खराब होत नाही.

पोटाची चरबी उतरते हे कुठून आलं ते पण सापडलं. अमेरिकेत ओहायोला २००९ मधे शुगर असलेल्या, वजन जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात करडईचं तेल घेतल्यावर पोटाकडची चरबी थोडी कमी झाली आणि नंतर तीन महिन्यांची शुगर पण थोडी सुधारलेली दिसली. पण शेवटपर्यंत टिकलेल्या बायका ३५, आणि तेल किती, तर रोज ८ ग्रॅम. दोन चहाचे चमचे पण होत नाहीत. बोर्ड बघून कढईत ओतायला लागलं तर चरबी वाढणारच आहे, उतरणार कुठून.

आणि रिफाइंड म्हणजे विष, हे तर कृपा करून काढून टाकावं. रिफाइंड करताना डिंक काढतात, कॉस्टिकने आम्लता काढतात, मातीने रंग काढतात, दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन वास काढतात. त्यात व्हिटॅमिन ई थोडं जातं, वास-चव जाते, जास्त तापमानात काही नको ते पदार्थ थोडे तयार होतात, हे सगळं खरं. पण फॅटी अ‍ॅसिडचं प्रमाण तेच राहतं. करडईचं रिफाइंड घ्या नाहीतर घाण्याचं, लिनोलिक तेवढंच. ज्याला घाण्याचं परवडत नाही त्याने रिफाइंड सोयाबीन खाल्लं म्हणून तो विष खात नाही, सोयाबीनमधे तर सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-३ पण असतं. मजुरी करणाऱ्या बाईला असं घाबरवून महाग तेल विकणं मला पटत नाही. घाबरवायचंच असेल तर वनस्पती तुपातल्या खारी-टोस्टबद्दल घाबरवा. ट्रान्स फॅट वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, हे १९९० मधेच सिद्ध झालं, आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ चं जानेवारी उजाडलं.

तळणाला काय वापरावं हे सगळ्या बायका विचारतात. करडई नको. लिनोलिकला दोन डबल बॉन्ड असतात, तिथेच हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, तापवलं की ते फार पटकन होतं आणि त्यातून अल्डिहाइड नावाचे नको ते पदार्थ तयार होतात. तुमच्या करडईच्या बाटलीच्या झाकणाला बोट लावून बघा, महिन्याभरात चिकट, गोंदासारखा थर येतो, धुतला तरी निघत नाही. हे तेच आहे. तळायला या दुकानातलं शेंगदाणा तेल चांगलं, त्यात निम्म्याच्या आसपास ओलिक असतं, त्याला डबल बॉन्ड एकच, म्हणून ते जास्त टिकतं. इंटरनेटवर सफ्लॉवर ऑइल तळायला बेस्ट असं वाचून कुणी कुणी वाद घालतं, पण ते बाहेर देशातलं जास्त ओलिकवालं करडईचं तेल, कॅलिफोर्नियात नोल्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ते वाणच वेगळं काढलं, आपल्या गावरान करडईशी त्याचा काही संबंध नाही. आणि तळलेलं तेल परत परत वापरू नका, एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने, १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात खराब झालेल्या पोलर पदार्थांची मर्यादा २५ टक्के घातलीय, गाड्यावर ते कोण मोजतं, पण घरी तरी आपल्या हातात आहे. फेस यायला लागला, काळं पडलं, घट्ट झालं की टाकून द्या.

तक्रारी अजून दोन. एक, बाटल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आणि त्या पण समोरच्या फळीवर उन्हात मांडलेल्या, दुपारी तीन-चारला तिथे थेट ऊन येतं. करडईसारखं तेल उन्हात ठेवणं म्हणजे ताज्याचं जुनं करणं. आम्हाला एकदा अशीच एक बाटली आली, उघडली तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. परत नेली तर मालकाने काही न बोलता वास घेतला आणि लगेच टाकीतलं ताजं भरून दिलं, पैशाचं नाव नाही काढलं, हे त्याचं मान्य करायलाच पाहिजे. दोन, तारीख. लेबलवर १४ आकड्यांचा लायसन नंबर आहे पण गाळल्याची तारीख नसते. मी सांगितलं तर म्हणाला, "ताई, माल राहतोच कुठं, दोन दिवसात उठते बगा." उठत असेल, तरी लिहायला काय हरकत आहे. तोपर्यंत तुम्ही विचारून घ्या की कधी गाळलं, आणि फळीवरची बाटली न घेता टाकीतून भरून मागा, देतात.

किती घ्यायचं हा शेवटचा आणि माझ्या मते खरा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप मिळून धरलंय, आणि एकच तेल न खाता आलटून पालटून खा हे तर ते कित्येक वर्षांपासून सांगतायत. चार जणांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, त्यात तूप पण आलं. आपल्याकडे पाच लिटरचा कॅन महिना जात नाही. मी आता घाण्यावरून एक किलो करडई आणि दीड किलो शेंगदाणा आणते, करडई भाकरीवर आणि चटणीवर कच्ची नाहीतर हलक्या फोडणीला, शेंगदाणा भाजीला आणि सणावाराच्या तळणाला, जवस चटणीत, आणि थोडं घरचं तूप. महाग तेल कमी लागलं की महिन्याचं बिल रिफाइंडच्या पाच लिटरच्या फार वर जात नाही.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, घाणा चालू असतो आणि समोर गाळलेलं बघायला मिळतं, दुपारी लाइट गेली तर बंद. गाडी लावायला जागा आहे. फोन पे चालतं. स्टीलचा डबा घट्ट झाकणाचा स्वतःचा न्या, धुतल्यावर पूर्ण कोरडा करून, पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल लवकर खवट होतं. नवी करडई फेब्रुवारी-मार्चनंतर येते तेव्हा चव सगळ्यात चांगली असते पण वर्षाचं एकदम भरून ठेवू नका, महिन्याचं महिन्याला घ्या. जवसाचं तेल रोज काढत नाहीत, आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, छोटी बाटली मागा आणि घरी आणल्याबरोबर फ्रीजमधे ठेवा.